तो मेसेज कुठे गेला? ग्रुपमधल्या बोलण्याचा माग कसा ठेवायचा

आमच्या सासऱ्यांनी, सगळे त्यांना नानाच म्हणतात, मागच्या दिवाळीला पहिल्यांदा टचचा मोठा फोन घेतला आणि चार दिवसांत गावातल्या लोकांनी त्यांना अकरा व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये टाकून दिलं. पाचव्या दिवशी नाना फोन खाटेवर उलटा टाकून बसले होते. म्हणे, "सूनबाई, हे मले झेपत नाही, सकाळी उठलं तर एकशे ऐंशी मेसेज, वाचता वाचता चहा गार होतो आणि कामाचं काय होतं तेच कळत नाही." त्यांना शिकवता शिकवता माझं मलाच बरंच उमजलं, म्हणून हे लिहिते. ज्यांनी नवीन फोन घेतलाय, नवीन नवीन ग्रुपात आलेत, त्यांच्यासाठी. ज्यांना येतं त्यांनी पुढे जावं, पण शोधायचं कसं तो भाग वाचाच, तिथे भले भले अडकतात.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाका की सगळं वाचायचं असतं. नसतं. ग्रुपमधलं निम्म्याहून जास्त बोलणं हे पारावरच्या गप्पांसारखं असतं, आपण नव्हतो तर नव्हतो, काही बिघडत नाही. आपल्याला फक्त एवढं पाहिजे की जे लागणार आहे ते लागेल तेव्हा परत सापडलं पाहिजे. त्यासाठी वाचण्यात जास्त वेळ घालवायची गरज नाही, वाचताना बोट दोन सेकंद जास्त चालवायची सवय पाहिजे.

ही अक्कल मला फुकट नाही आली. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात आमच्या केळीची कटाई ठरली होती, व्यापाऱ्याच्या माणसाने रात्री ग्रुपवर टाकलं की सकाळी ६ ला गाडी येते, गडी तयार ठेवा. त्याच रात्री ग्रुपमध्ये कोणाच्या तरी पोराचा वाढदिवस निघाला. केक, फुगे, हात जोडलेले, एकामागून एक दीडशे शुभेच्छा, आणि त्यात तो मेसेज गाडला गेला. आमच्या यांनी फोन पाहिला, पण खालचं पाहिलं, वरचं नाही. गाडी येऊन दुसऱ्याच्या बागेत गेली, आमची कटाई दोन दिवस पुढे गेली आणि त्या उन्हात, आमच्याकडचं मे महिन्याचं ऊन काय असतं ते जळगाव-भुसावळवाल्यांना सांगायला नको, काही घड झाडावरच पिकायला लागले. चूक व्यापाऱ्याची नव्हती, त्याने कळवलं होतं. आम्हीच नीट पाहिलं नाही.

पहिलं काम फोनवर नाही, कागदावर

खरंच एक कागद घ्या. आपण ज्या ज्या ग्रुपात आहोत त्यांची नावं लिहून काढा. नानांची यादी अशी निघाली: केळी भाव, गावचा लाईटचा ग्रुप (डीपी म्हणजे ट्रान्सफॉर्मर जळाला, मोटरीची थ्री फेज लाईट कधी येणार, हे सगळं तिथे), विकास सोसायटी, पीक विमा, भाऊबंदकीचा ग्रुप, दहावीच्या बॅचचा, भजनी मंडळ, दोन राजकारणाचे, एक नुसते सुविचार टाकणाऱ्याचा, आणि एक कसला आहे ते त्यांना पण माहीत नव्हतं. त्यातून मग लगेच निघालो, म्हणजे अकराचे दहा तिथेच झाले.

आता त्या नावांपुढे खुणा करा. आजच्या आज कळलं नाही तर नुकसान होईल असे ग्रुप कोणते, नंतर कधीतरी त्यातलं काही लागेल असे कोणते, आणि नुसते मायेचे कोणते. मायेचे ग्रुप सोडायचे नसतात हां, भाऊबंदकीचा ग्रुप सोडला तर लग्नात कोणी पाणी विचारणार नाही, फक्त त्यांचा आवाज बंद करायचा.

नानांचे आजच्या आज वाले तीन निघाले, भाव, लाईट आणि विमा. तुमचे दुसरे असतील. माझ्या नणंदेची मुलगी भुसावळहून जळगावला रोज अपडाउन करते, तिला सगळ्यात आधी गाडी किती लेट आहे तो ग्रुप लागतो, बाकीचं जग नंतर.

तीन वर, बाकीचे गप्प

व्हॉट्सॲपमध्ये तीन चॅट कायम वर टाचून ठेवता येतात. ग्रुपच्या नावावर बोट दाबून धरा, वर टाचणीचं चिन्ह येतं, ते दाबा. झालं. आता कितीही सुविचार आले तरी भावाचा ग्रुप वरच राहणार. हे एवढं केलं तरी निम्मी कटकट जाते.

मग उरलेल्यांना म्यूट करा. तसंच बोट दाबून धरायचं, आणि म्यूटचं निवडायचं, तिथे ८ तास, १ आठवडा आणि कायमचं असे पर्याय येतात. कायमचं करा, परत उघडता येतं. नानांना भीती होती की म्यूट केलं तर समोरच्याला कळेल, राग येईल. अजिबात कळत नाही. मेसेज येतच राहतात, फक्त फोन वाजत नाही.

जे महिन्यात एकदा पण उघडत नाही ते अर्काइव्ह करून टाका, म्हणजे माळ्यावर टाकल्यासारखं. यादीतून दिसत नाहीत पण फेकलेले नसतात. तिथे कोणी आपलं नाव घेऊन हाक मारली किंवा आपल्या मेसेजला उत्तर दिलं तर फोन सांगतो, त्यामुळे घाबरायचं काम नाही.

वरच्या बाजूला न वाचलेले आणि ग्रुप अशी बटणं पण असतात आजकाल, त्यावर दाबलं की तेवढेच दिसतात. आपली स्वतःची यादी पण करता येते तिथे, मी 'शेती' नावाची केली आहे. ज्यांना हौस आहे त्यांनी करावी, नाही केली तरी चालतं.

वाचायचं कसं

हे सांगायची गोष्ट आहे का असं वाटेल, पण आहे. ग्रुप उघडला की आपण थेट खाली जातो, शेवटचा मेसेज पाहतो, आणि तो नेहमी अंगठा किंवा हात जोडलेला असतो. तसं नका करू. उघडल्यावर मध्ये एक पट्टी दिसते, एवढे मेसेज न वाचलेले म्हणून. तिथून सुरू करा आणि भरभर खाली या. फोटो, शुभेच्छा, फॉरवर्ड सोडून द्यायचं. डोळा कशावर थांबवायचा तर तारीख, वेळ, आकडा, फोन नंबर, आणि प्रश्नचिन्ह. ज्या मेसेजमध्ये यातलं काही नाही तो कामाचा असायची शक्यता कमी. हा माझा स्वतःचा हिशोब आहे, कुठे लिहिलेला नाही, पण चुकत नाही फारसा.

आणि दोन गोष्टी लक्षात ठेवा. ग्रुपच्या नावापुढे ॲट द रेटचं चिन्ह दिसलं म्हणजे कोणीतरी तुमचं नाव घेऊन बोललंय. ग्रुप उघडल्यावर पण उजवीकडे खाली ते चिन्ह येतं, ते दाबलं की सरळ त्या मेसेजवर नेतं. दुसरी, कामाच्या गडबडीत ग्रुप उघडला, वाचायला वेळ नाही, आणि बंद केला तर तो वाचलेला धरला जातो, हिरवा आकडा जातो, आणि मग आपण विसरतो. अशा वेळी बाहेर येऊन ग्रुपवर बोट दाबून धरा आणि तीन टिंबांमधून न वाचलेला अशी खूण करा. हिरवा ठिपका परत येतो. मी चुलीवर भाकरी असताना हेच करते, कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी आणि पीक विमा दोन्ही एकदम नाही होत.

स्टार, पिन, आणि स्वतःलाच पाठवलेला मेसेज

तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक तिन्हीची गल्लत करतात, मी पण करायची.

स्टार म्हणजे वहीच्या पानाचा कोपरा दुमडणं. फक्त आपल्याला दिसतं. कामाचा मेसेज दिसला की त्यावर बोट दाबून धरायचं आणि वरचा तारा दाबायचा. नंतर पहिल्या पानावरच्या तीन टिंबांमध्ये स्टार केलेले मेसेज म्हणून एक जागा आहे, तिथे सगळ्या ग्रुपमधले स्टार एकत्र सापडतात. पण एक सांगते, सगळ्यालाच स्टार मारू नका. नानांनी पहिल्या आठवड्यात ९० स्टार मारले, त्यात अर्धी फुलं आणि विठ्ठलाचे फोटो. मग ते कपाट पण तसंच, भरलेलं, काहीच सापडत नाही असं. दर रविवारी पाच मिनिटं बसून झालेल्या कामांचे स्टार काढायचे. कटाई झाली, स्टार काढला.

पिन म्हणजे पारावर फळा लावणं. ग्रुपमधल्या सगळ्यांना वर दिसतं. एका ग्रुपात तीन मेसेज पिन करता येतात आणि ते २४ तास, ७ दिवस किंवा ३० दिवस राहतात, मग आपोआप उतरतात. पिन सगळ्यांनी करायचं का फक्त ॲडमिनने, म्हणजे ग्रुप सांभाळणाऱ्याने, ते ॲडमिन ठरवतो. आमच्या लाईटच्या ग्रुपमध्ये शेतीच्या थ्री फेजचं वेळापत्रक असं वर लावून ठेवलंय. आठवड्यात कधी दिवसा लाईट, कधी रात्री, ते बदललं की रोज पन्नास जण एकच प्रश्न विचारायचे, "आज लाईट कधी?" आणि उत्तर देणारा पण वैतागायचा. पिन केल्यापासून प्रश्न विचारणारे दहावर आलेत. ते दहा कायमचेच आहेत, त्यांना फळा दाखवला तरी ते विचारणार.

तिसरं म्हणजे स्वतःलाच मेसेज. नवीन चॅटमध्ये गेलं की आपलंच नाव दिसतं, त्यावर पाठवायचं. हे मला सगळ्यात जास्त आवडतं. ग्रुपमधला कामाचा मेसेज स्वतःकडे फॉरवर्ड करायचा आणि त्याखाली आपल्या शब्दात एक ओळ लिहायची, जशी की "पिलबाग, वरचं शेत, खताचा हिशोब" (पिलबाग म्हणजे आधीच्या केळीच्या पिलांवर धरलेली बाग). स्टार मारलेला मेसेज दुसऱ्याच्या शब्दात असतो, इथे आपल्या शब्दात असतो, आणि सहा महिन्यांनी आपल्याला आपलेच शब्द आठवतात.

उत्तर देताना सरकवा

ही सवय आपल्यापेक्षा दुसऱ्यांच्या उपयोगाची, पण सगळ्यांनी लावली तर सगळ्यांचंच भलं होतं. ग्रुपमध्ये एकाच वेळी चार विषय चालू असतात. एक जण विचारतो कांदेबागेला, म्हणजे पावसाळ्यानंतर लावलेल्या केळीला, आता कोणतं खत द्यायचं, दुसरा विचारतो मोटर बांधणारा कोणी आहे का फैजपूरला, तिसरा विचारतो उद्या अंत्ययात्रा किती वाजता. आणि खाली कोणीतरी लिहितो, "सकाळी ९ वाजता, चांगला माणूस आहे." आता हे मोटरवाल्याबद्दल का वारलेल्याबद्दल? आमच्याकडे खरंच असं झालंय, दोन दिवस हसत होतो आणि त्या घरच्यांना काय वाटलं असेल म्हणून लाजत पण होतो.

तर ज्या मेसेजला उत्तर द्यायचं तो मेसेज बोटाने उजवीकडे सरकवा. तो छोटा होऊन खाली येतो, मग उत्तर लिहा. आता वाचणाऱ्याला कळतं कशाचं काय. आणि याचा खरा फायदा नंतर आहे. त्या उत्तरातल्या छोट्या चौकटीवर दाबलं की फोन थेट मूळ मेसेजवर नेतो, मग तो पाच दिवसांपूर्वीचा का असेना. म्हणजे उत्तर सापडलं की प्रश्न सापडतो, प्रश्न जर कोणाला उत्तर असेल तर त्याच्या पण मागे जाता येतं, दोऱ्याचं टोक धरून गुंता सोडवल्यासारखं. परत खाली यायचं तर उजवीकडचा खालचा बाण.

म्हणून मी कोणालाही नुसतं "हो", "चालेल", "आलो" असं मोकळं लिहू देत नाही आमच्या घरच्या ग्रुपात. सरकवून लिहा नाहीतर लिहूच नका. दीर मला हेडमास्तरीण म्हणतात, म्हणू देत.

जिथे सगळ्यांसमोर बोलायचं नाही, पैशाची गोष्ट आहे किंवा कोणाची चूक दाखवायची आहे, तिथे तोच मेसेज दाबून धरून तीन टिंबांमधून खाजगी उत्तर द्या. मूळ मेसेज सोबत जातो, समोरच्याला "कशाबद्दल बोलताय" विचारावं लागत नाही.

शोधायचं कसं, आणि आपली भाषा कुठे आडवी येते

आता मुख्य मुद्दा. ग्रुप उघडून तीन टिंबांमध्ये शोधा आहे. आयफोनवाल्यांनी ग्रुपच्या नावावर दाबायचं, तिथे सापडतं. शब्द टाकला की बाणांनी वर वर जात एकेक मेसेज दिसतो. सोपं आहे. पण नानांनी पहिल्यांदा शोधलं ते 'भाव'. काय निघालं सांगू? सगळ्यात जास्त निघालं "भावपूर्ण श्रद्धांजली". त्याच्या खालोखाल "हॅपी बर्थडे भावा". कारण शब्दाची सुरुवात जुळली की फोन तो मेसेज दाखवतो. त्यात परत केळीचा भाव, कापसाचा भाव, आणि जळगाव जवळ असल्यावर सोन्याचा भाव तर आलाच. आणि माझं माहेर अमळनेरचं, तिकडच्या ग्रुपात भाव म्हटलं की कोणाला कधी विप्रोच्या शेअरचा भाव आठवेल सांगता येत नाही, ती कंपनी मूळ अमळनेरलाच सुरू झालेली आणि गावात बऱ्याच जणांकडे तिचे जुने शेअर आहेत.

त्यात माहेरी अहिराणी. माझा भाऊ लिहितो, "आज भावना मेसेज उना का?" त्याच्या डोक्यात बाजारभावाचा मेसेज आला का, आणि वाचणाऱ्या पुण्याच्या वहिनीला वाटलं कोणी भावना नावाच्या बाईचा विषय आहे. हसू येतं, पण शोधताना हीच गोष्ट रडवते, कारण मी 'आला' शोधते आणि भावाने 'उना' लिहिलंय, मी 'कापसाचा' शोधते आणि त्याने 'कापूसना' लिहिलंय. इकडे सासरी लेवा बोली, तिचे शब्द आणखी वेगळे. वर अर्धे लोक मराठी इंग्रजी अक्षरात टाईप करतात, कोणी केळीचा 'ळ' न सापडल्यामुळे 'केली' लिहितं, आणि सुरतला गेलेले आपले लोक निम्मं हिंदीत लिहितात.

म्हणून शोधताना विषयाचा शब्द टाकू नका. त्या मेसेजमध्ये दुसऱ्या कोणाच्या मेसेजमध्ये नसेल असा शब्द कोणता असेल तो आठवा. केळीचा भाव पाहिजे तर 'नवती' (नव्या लागवडीची केळी) टाका, हा शब्द श्रद्धांजलीत येत नाही. 'पिलबाग', 'कांदेबाग' टाका. कापसाला 'क्विंटल' टाका. मोटर दुरुस्तीवाला पाहिजे तर 'रिवाइंडिंग'. सापडलं नाही तर तोच शब्द इंग्रजी अक्षरात टाकून बघा, मग अहिराणीत लिहिणाऱ्याने कसा लिहिला असेल तसा. शब्द अर्धाच टाका, पहिली तीन अक्षरं, शेवटी कोणी काना मात्रा काय लावलीय त्याच्या भानगडीत पडायचं नाही. आणि आकडे. आकडा आठवत असेल, समजा २१००, तर तो मराठी अंकात टाका आणि इंग्रजी अंकात पण टाका, कोणी कसा लिहिला असेल सांगता येत नाही.

शब्दच आठवत नसेल पण दिवस आठवत असेल तर शोधाच्या पट्टीत कॅलेंडरचं चिन्ह आहे. "पोळ्याच्या आदल्या दिवशी कोणीतरी टाकलं होतं" एवढं आठवलं तरी पुरे, ती तारीख दाबा, त्या दिवसावर नेतं. आपण खेड्यातली माणसं तारीख विसरतो पण सण विसरत नाही, कानबाईच्या नंतर का पोळ्याच्या आधी हे बरोबर आठवतं. तिथी पाहून तारीख काढायची आणि उडी मारायची. नानांना हे इतकं जमलं की आता तेच मला दाखवतात.

आणि कोणत्या ग्रुपात होतं तेच आठवत नसेल तर ग्रुपच्या आत नाही, पहिल्या पानावरच्या शोधात टाका. तिथे सगळ्या ग्रुपमधलं निघतं, आणि फोटो, लिंक, डॉक्युमेंट असं वेगळं पण पाहता येतं.

फोटो आणि आवाज सापडत नाही, त्याला शेपूट लावा

बाजारभावाच्या कागदाचा लोक फोटो काढून टाकतात. त्या फोटोत काय लिहिलंय ते ग्रुपच्या शोधात येत नाही, फोनला तो नुसता फोटो. तसंच आवाज रेकॉर्ड करून टाकलेलं. आमच्याकडे मोठी माणसं टाईप करत नाहीत, चार चार मिनिटं बोलून टाकतात, आणि कामाची गोष्ट तिसऱ्या मिनिटाला, त्याआधी पाऊसपाणी.

यावर एकच उपाय. असा फोटो किंवा आवाज आला की कोणीतरी एकाने तो सरकवून खाली एक ओळ लिहायची, "केळी भाव, नवती पिलबाग, सोमवार" किंवा "आप्पांचा निरोप, ठिबकच्या फिल्टरबद्दल". ती ओळ शोधात येते, तिच्या चौकटीवर दाबलं की फोटो. मी याला शेपूट लावणं म्हणते. आमच्या केळी भावाच्या ग्रुपात आता हे काम एक कॉलेजचा मुलगा रोज करतो, त्याला कोणी सांगितलं नाही, मी दोन महिने केलं ते बघून त्याने धरलं. टाईप करायचा कंटाळा असेल तर कीबोर्डवरच्या माईकवर दाबून मराठीत बोला, तो लिहून देतो, ळ आणि ल सकट बऱ्यापैकी बरोबर.

वादळाच्या दिवसाची गोष्ट

मे-जूनमध्ये रावेर, यावल भागात वादळ आलं की केळीच्या बागा आडव्या होतात, हे आपल्याला नवीन नाही. त्या दिवशी ग्रुपचं काय होतं ते पाहण्यासारखं असतं. पडलेल्या बागांचे फोटो, व्हिडिओ, शिव्या, देवाचं नाव, नेत्यांचं नाव, तासाभरात पाचशे सहाशे मेसेज. आणि पीक विम्यात नुकसानीची सूचना ७२ तासांच्या आत द्यावी लागते. ती कुठे द्यायची, कोणता नंबर, कोणती पावती लागते, हे पण त्याच ग्रुपात कोणीतरी टाकलेलं असतं, पण ते वर वर जात राहतं.

अशा वेळी मेसेज खालून वर वाचत बसू नका. ग्रुपच्या नावावर दाबा, तिथे मीडिया, लिंक आणि डॉक्युमेंट अशी जागा आहे. फोटोंकडे बघायचं नाही, डॉक्युमेंटमध्ये जा, मग लिंकमध्ये. त्या सहाशेमध्ये पीडीएफ दोन तीनच असतात. विम्याची पावती, अर्जाचा नमुना, जे काही असेल ते तिथेच सापडतं. आमच्या शेजारच्यांचं मागच्या वेळी असंच दहा मिनिटांत सापडलं, नाहीतर ते दुपारपासून ग्रुपात विचारत होते आणि त्यांचा प्रश्न पण बिचारा वाहून जात होता.

फक्त एक, त्या गडबडीत "इतकी इतकी मदत जाहीर" असले मेसेज पण फिरतात. वर दोन बाणांची खूण आणि खूप वेळा फॉरवर्ड केलेला असं लिहिलेलं असेल तर तो मेसेज हात लावत लावत आलाय, कोणाचा आहे तेच माहीत नाही. त्याला स्टार मारू नका, तलाठी (आताचे ग्राम महसूल अधिकारी) किंवा कृषी सहायकाला (आताचे सहायक कृषी अधिकारी) विचारा.

तुम्ही ॲडमिन झालात तर

होणारच कधीतरी, गावात कोणीतरी हळूच करून टाकतं. मग एवढं करा. एका ग्रुपात एकच विषय ठेवा, लाईटच्या ग्रुपात वाढदिवस नको, वाढदिवसाला वेगळा ग्रुप काढून द्या, लोकांना राग येतो पण दोन दिवसच. मीटिंग किती वाजता ठेवायची असं विचारायचं असेल तर पोल (पर्याय देऊन मत घ्यायची सोय) टाका, नाहीतर साठ जण साठ ओळी लिहितात आणि मोजायला परत तुम्हीच. वेळ चुकीची टाकली गेली तर १५ मिनिटांच्या आत तोच मेसेज दुरुस्त करता येतो, त्यानंतर चूक सुधारायला नवीन मेसेज टाकावा लागतो आणि मग जुना वाचणारे वेगळ्या वेळी येतात, नवीन वाचणारे वेगळ्या. फक्त ॲडमिनने लिहायचं असं पण करता येतं, पण ते नोटीस बोर्डाला ठीक, चर्चेच्या ग्रुपला तसं केलं तर लोक दुसरा ग्रुप काढतात आणि खरं बोलणं तिकडे जातं.

फोन भरला किंवा बदलायचा असला तर

फोन भरला की पोरं सांगतात चॅट क्लिअर करा. करा, पण दाबायच्या आधी थांबून वाचा, स्टार केलेले मेसेज पण उडवायचे का असं तिथे विचारलं जातं, ती खूण काढून टाका. काही ग्रुपात मेसेज आपोआप नाहीसे होतात असं लावलेलं असतं, २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवसांनी. तिथे स्टारवर भरवसा ठेवू नका, कामाचा मजकूर आपल्या शब्दांत लिहून घ्या, वहीत घेतला तरी चालेल. नाना अजून विम्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवरच लिहितात आणि मी त्यांना कधी नको म्हटलं नाही.

नवीन फोन घ्यायचा असेल तर जुना देऊन टाकायच्या आधी सेटिंगमध्ये चॅटमध्ये बॅकअप आहे, ते एकदा करून घ्या आणि शेवटचा बॅकअप कोणत्या तारखेचा ते डोळ्यांनी बघा. अँड्रॉइडला ते गुगलच्या खात्यात जातं आणि फुकटच्या १५ जीबीमध्येच मोजलं जातं, त्यामुळे व्हिडिओ सोडून केलं तर जागा पुरते. नवीन फोनवर तोच नंबर आणि तेच गुगल खातं टाका, जुनं सगळं आलं का बघा, एखादा जुना स्टार उघडून बघा, आणि मगच जुना फोन पोरांच्या हातात गेम खेळायला द्या.